सव्वा एक वाजताचा धूर

केटल डोंगरावरच्या मनोऱ्यात ओरिन डुप्री चौदा हंगाम बसला. वणव्यावर नजर ठेवायची आणि धूर दिसला की फोनवरून खाली रेंजरला कळवायचं, एवढंच काम. पण त्यातले शेवटचे चार हंगाम तो नुसताच बसला होता. बघत होती त्याची बायको, वर्ना. हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गावात एका तारेवर नऊ घरांचे फोन आहेत. घंटी कुणाचीही वाजो, नऊही घरं कान लावून बसतात. अशा गावात चार वर्षं गुपित राखणं म्हणजे काही खायचं काम नाही.

वर्ना उंचीने बेताची, जिभेने तिखट. लग्नाआधी लाकूडतोड्यांच्या तळावर चाळीस माणसांचा स्वयंपाक करायची, आणि त्या चाळीस जणांना दटावून ताटं धुवायला लावायची. ओरिन तिच्या अगदी उलटा. शांत, लाजरा, खाली गावात आला की कुठे उभं राहावं तेही त्याला कळायचं नाही. डोंगरावर मात्र तो राजा होता. पुढे त्याच्या डोळ्यांच्या मधोमध एक धूसर डाग पडला. कडेचं दिसायचं, समोरचं गायब. पायवाट, जिना, कॉफीची किटली, सगळं सवयीने चालायचं. धूर मात्र सवयीने दिसत नाही.

वनखात्याचा डॉक्टर दर वसंतात डोळे तपासायचा. त्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वीस वर्षं तोच होता. वर्नाने तो दारातून पाहून पाठ केला आणि ओरिनकडून घोकून घेतला. ओरिन घडाघडा म्हणून दाखवायचा. डॉक्टर खूश व्हायचा, म्हणायचा, ‘ससाण्याची नजर आहे, ओरिन.’ ओरिन लाल व्हायचा. डॉक्टरला वाटायचं, स्तुतीने झाला.

‘पेन्शनला तीनच वर्षं राहिलीत,’ वर्ना म्हणायची. ‘बघायला मी आहे ना.’

बावन्न सालच्या ऑक्टोबरात पाच आठवडे थेंब पडला नव्हता. रानात पायाखाली पानं पापडासारखी मोडत होती. नेमकी तेव्हाच वर्नाची दाढ उठली. तीन दिवस तिने लवंग धरून काढले. चौथ्या दिवशी गाल एवढा सुजला की ओरिनलाही दिसला, म्हणजे बघा. त्याने तिला बळजबरीने खाली धाडलं.

‘एका सकाळचा तर प्रश्न आहे,’ तो म्हणाला. ‘वारा नाही. तासातासाला रॉस्कोला सांगायचं, सगळं स्वच्छ. एवढं तर मला जमेल ना?’

रॉस्को म्हणजे आमचा रेंजर. ओरिनचा शाळेपासूनचा दोस्त, आणि म्हणूनच त्याच्यापासून लपवणं सगळ्यात जड.

दातांच्या डॉक्टरने दाढ काढली ती अकराला. तोंडात कापूस कोंबून, निम्मा चेहरा बधिर घेऊन वर्ना बाराच्या सुमारास पायथ्याशी आली. गिडिंग्जबाई कुंपणापाशी उभ्याच होत्या.

‘अगं बाई, हे काय थोबाड करून घेतलंस? बस, सूप देते.’

‘नो, नो,’ वर्ना कापसातून म्हणाली. ‘ओरिन एकटाय.’

‘एकटा आहे तर आहे! चौदा वर्षं काय त्याला मांडीवर घेऊन बसलीयेस?’

वर्ना थांबली नाही. बाईंच्या डोक्यावरच्या झाडाचं पान हललं, ते तिने पाहिलं होतं. वारा सुटला होता.

पायवाट अडीच मैलांची. आधी मेपल आणि बीचच्या झाडांचं रान, मग ओढ्यावरच्या फळ्या, मग खडी चढण, आणि शेवटी स्प्रूसची काळोखी झाडी. झाडाझाडाला ठोकलेली फोनची एकेरी तार सोबतीला शेवटपर्यंत. अर्ध्या वाटेवर उजवीकडे एक उघडा कडा येतो. तिथे येणारे-जाणारे पाणी पितात. वर्ना तिथे तोंडातलं रक्त थुंकायला टेकली आणि तिने सवयीने दक्षिणेकडे नजर टाकली.

टॅनरी ओढ्याच्या घळीतून धूर निघत होता.

धुक्याची वाफ असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण पाच आठवडे पाऊस नसताना वाफ कुठून येणार? धूर होता, खाली करडा आणि वर जाऊन वाऱ्याने पूर्वेला वाकलेला. पूर्वेला, घळीच्या तोंडाशी, अँब्रोझ लाफाउंटन आणि त्याची बायको मेबल यांचं मेपलचं बन होतं. सहाशे झाडं. दर मार्चमध्ये अख्खा गाव तिथे पाकासाठी झाडांचा गोड रस उतरवायला जमायचा. घड्याळात सव्वा एक वाजला होता.

ती घळ बाकी कुठल्याच मनोऱ्यावरून दिसत नाही, मधे डोंगराची सोंड येते. दिसते ती फक्त केटलवरून, आणि केटलवर ओरिन होता.

इथून खाली गिडिंग्जबाईंच्या फोनपर्यंत अर्धा तास. वर मनोऱ्यापर्यंत एरवी तास, पण आपण जीव खाऊन चढलो तर चाळीस मिनिटं. वर्नाने असा हिशेब केला. खाली जाऊन फोन केला तर पहिला प्रश्न हाच येणार की मनोऱ्यातल्या माणसाला का नाही दिसला? नऊ घरं ऐकत असणार. वर जाऊन ओरिनच्या हातून कळवलं तर कुणी काहीच विचारणार नाही. दहा मिनिटांचा तर फरक. दहा मिनिटांत काय होतंय?

ती वर निघाली.

स्वयंपाकघरात चाळीस माणसांना हाकणारी बाई, पण तिचे पाय काही तिचं ऐकेनात. तीन दिवस पोटात धड काही गेलं नव्हतं. औषधाची बधिरता उतरत होती आणि प्रत्येक पावलाला जबड्यात घण बसत होता. वाटेत शिडी लावलेला एक कातळ आहे, तिथे तिला भोवळ आली आणि ती गुडघ्यावर आपटली. उठली. पुढे वाऱ्याने पडलेला एक अजस्र स्प्रूस वाटेवर आडवा होता. त्याला वळसा घालताना ती झाडीत शिरली, वाट चुकली, तार शोधत परत आली. तिथे किती वेळ गेला हे बघायची तिची छाती झाली नाही. आता मागे फिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता, आणि पुढे जाणंही काही शहाणपणाचं उरलं नव्हतं. हे तिला चांगलं कळत होतं. ती रडत चढत होती, स्वतःला शिव्या देत चढत होती. तळावर शिकलेल्या सगळ्या वापरून झाल्या.

झाडी संपून उघडा कातळ आला. धूर आता दुप्पट झाला होता आणि त्याच्या बुडाशी लालसर काहीतरी हलत होतं.

मनोऱ्याचे लोखंडी जिने चढताना तिला वरून ओरिनचा आवाज ऐकू आला. नेहमीचा, निवांत.

‘हो रॉस्को, सगळं स्वच्छ. आज नजर अगदी लांबवर पोचतेय.’

तिने वरचं दार ढकललं. ओरिन फोन कानाला लावून दक्षिणेच्या खिडकीत उभा होता. तोंड नेमकं धुराकडे, आणि चेहऱ्यावर हसू.

वर्नाने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. खोलीच्या मधोमध गोल नकाशा होता. त्यावरची फिरती पट्टी तिने धुरावर रोखली आणि कडेचा आकडा वाचला.

‘रॉस्को, धूर. एकशे अठ्ठ्याऐंशी अंश. टॅनरीची घळ, अँब्रोझच्या बनाच्या वर.’

‘कोण? वर्ना? काय बोलतेस, काही कळत नाही. आत्ता तर ओरिन म्हणाला—’

तिने तोंडातला कापूस काढून फेकला. ‘ओरिनला दिसत नाही. चार वर्षं दिसत नाहीये. एकशे अठ्ठ्याऐंशी!’

तारेवर कुणीतरी ‘अगं बाई!’ म्हणालं. रॉस्को ओरडला, ‘सगळ्यांनी फोन ठेवा!’ कुणीही ठेवला नाही. मग तो पुन्हा बोलला तो वेगळ्याच आवाजात, कामाच्या.

‘माझी अकरा माणसं ट्रकमध्ये तयार आहेत. ओढ्याच्या रस्त्याने पाठवतो. धूर पहिल्यांदा कधी दिसला?’

हा प्रश्न ठरलेला. नोंदवहीत त्याचा वेगळा रकानाच असतो, कारण आग किती पळतेय हे त्यावरूनच कळतं. चौदा वर्षं वर्नाने तो प्रश्न ऐकला होता.

ओरिनचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तिचे ओरखडलेले हात, तिची धाप त्याला कळत होती, आणि चौदा वर्षांत त्या वाटेचं मिनिट न् मिनिट त्याला पाठ होतं. त्याने तिचा दंड धरला आणि अगदी हळू म्हणाला, ‘कड्यावरून दिसला ना? आत्ता म्हण. वर्ना, आत्ताच दिसला म्हण.’

आत्ता म्हटलं असतं तर नुसता एक आंधळा रखवालदार आणि त्याच्यापायी खोटं बोललेली बायको. गावाने पोटात घातलं असतं. पण आत्ता म्हटलं असतं तर रॉस्कोने आग नवी धरली असती, आणि अकरा माणसं ओढ्याच्या अरुंद रस्त्याने सरळ तिच्या तोंडात गेली असती.

‘सव्वा एक,’ वर्ना म्हणाली.

‘काय? नीट बोल.’

जबडा उघडत नव्हता. तिने दोन्ही हातांनी गाल धरला.

‘सव्वा एक वाजता. कड्यावरून. मी खाली यायचं सोडून वर आले.’

मनोऱ्यातलं घड्याळ दोन वीस दाखवत होतं. तारेवर नऊही घरं ऐकत होती.

‘तास उलटला,’ रॉस्को म्हणाला. ‘म्हणजे आगीने रस्ता ओलांडला.’ मग तो कुणावर तरी ओरडला, ‘ट्रक वळवा! ओढ्याने नको, वरच्या डोंगरधारेने जा!’ आणि फोन आपटला.

ओरिन जमिनीवर बसला. ‘माझ्यामुळे,’ तो म्हणाला. वर्नाने त्याला समजावलं नाही. तिला खिडकीतून हलता येत नव्हतं. रॉस्कोला दर पाच मिनिटांनी धुराची दिशा हवी होती, आणि ती देत राहिली. अंधार पडेपर्यंत देत राहिली.

आग तीन दिवस चालली, मग पाऊस आला. माणूस एकही दगावला नाही. ओढ्याचा रस्ता मात्र दोन्ही बाजूंनी जळून कोळसा झाला होता. त्या अकराजणांनी नंतर तो पाहिला. त्यांच्यातल्या काहींच्या बायका वर्नाला ब्रेड आणून देतात. काही तिला बघून रस्ता बदलतात. त्यांतल्या दोघी दोन्ही करतात. डुप्री कुटुंब आता धान्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतं. ओरिनला जिना उतरायला सोबत लागते, कारण त्या जिन्याची त्याला अजून सवय नाही.

अँब्रोझची सहाशेपैकी तेवीस झाडं वाचली. वर्ना खाली गेली असती तर पाऊण नाही तरी अर्धा तास हाती आला असता, आणि अर्ध्या तासात बन वाचलं असतं, असं रॉस्कोने चौकशीत सांगितलं. खोटं सांगणारा तो माणूस नाही. हे ऐकल्यावर वर्ना दुसऱ्याच दिवशी चालत अँब्रोझकडे गेली. तो रस आटवायच्या खोपटापाशी रिकाम्या बादल्या एकात एक रचत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस. मेपलचं रोप आज लावलं तर रस धरायला चाळीस वर्षं.

त्याने तिला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

‘मी ओरिनसाठी वर गेले, अँब्रोझ,’ ती म्हणाली.

‘ठाऊक आहे.’ त्याने आणखी एक बादली आत बसवली. ‘माझ्या मेबलसाठी मीसुद्धा वरच गेलो असतो. तेवढं ठाऊक नसतं ना, तर तुला मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या.’