शब्द पुरे करणारा

मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात माझ्या सुक्या मासळीशेजारी एका बांगडीवाल्याचं दुकान लागतं. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं नाही, ही त्याची खोड. गिऱ्हाईक "जरा कमी..." म्हणतं, तोच हा म्हणतो, "करा, असंच ना? नाई जमत!"

सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मेंदूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचणारी पोर अक्षर ओळखेना. गडचिरोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोवळ्या मेंदूची धड बाजू मेलेल्या बाजूचं काम शिकून घेते, पण तिला अडखळू द्या. म्हणून मी तिला पुड्यांच्या रद्दीतून वाचायला बसवायचे. ती "पा... पा..." करायची आणि हा पलीकडून "पाऊस!" म्हणून मोकळा व्हायचा.

"भाऊ, जीभ आवरा! तिले वाचू द्या," मी एकदा ओरडलेच.

"काऊन तरास देता बाई, बिचारीले?"

गेल्या बाजारी तिने अख्खी बातमी एकटीने वाचली. त्याने टाळ्या वाजवल्या. "वा बेटा! पहिल्यासारखी झाली तू!"

तेवढ्यात त्याचं पहिलं गिऱ्हाईक आलं. आजारापूर्वी बोहनीची नोट तो गिऱ्हाइकाला तिच्याच हातात द्यायला लावायचा. या पोरीचा हात लाभतो म्हणायचा. तिने उजवा, अजून थरथरणारा हात पुढे केला.

"राहू दे बेटा," म्हणत त्याने गिऱ्हाइकाकडून नोट तिच्या डोक्यावरून परस्पर घेतली आणि कपाळाला लावली.

पोरीने हात फ्रॉकला पुसला.

"आई, मासळीचा वास येते का वं हाताले?"

"येते," मी म्हणाले.