वेदपाठी आणि कॉर्टिसॉल

"डॉक्टरबाई, याचा दिमागच कमजोर झालाय. काल दिलेली संथा आज गायब! एखादी तेज दवा लिहा."

नव्वदच्या दशकातली, वाराणसीतल्या माझ्या न्यूरॉलॉजी ओपीडीतली ही गोष्ट. समोर ब्रह्मा घाटावरचे एक मराठी शास्त्रीबुवा बसले होते, शेजारी त्यांचा तरणाताठा मुलगा वासुदेव. संथा म्हणजे गुरूने तोंडी दिलेला पाठ. इथे गुरू वडीलच. परीक्षा जवळ आली होती. त्यात परीक्षक मध्येच कुठलाही मंत्र उचलतो आणि पुढचं विद्यार्थ्याने न अडता म्हणायचं. जमलं नाही तर वासुदेवला नागपूरला मामाच्या दुकानात बसवायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

मी त्याला लहानपणी शिकलेलं म्हणायला सांगितलं. घडाघडा म्हणाला. मग काही साधे शब्द दिले आणि थोड्या वेळाने विचारले. निम्मे गेले होते. जुनं शाबूत, नवं टिकेना.

"झोप?"

"नींद ही नहीं आती. आँख लगी कि लगता है बाबा उठा रहे हैं," तो हिंदीतच बोलला.

स्कॅन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मला संशय कॉर्टिसॉलचा होता. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. ते पेशीत शिरतं, त्याच्यासाठीच असलेल्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जीन्स चालू राहतील, कोणती बंद, ते बदलते. थोडा वेळ हे कामाचंच असतं. पण महिनोन्महिने चाललं तर हिप्पोकॅम्पसमधले, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागातले, हे रिसेप्टर कमी होऊ लागतात. 'आता कॉर्टिसॉल पुरे' हा निरोपही तिथूनच जातो. तोच क्षीण होतो आणि कॉर्टिसॉल चढंच राहतं. उंदरांत तर या पेशींच्या फांद्या आखडलेल्या दिसल्या होत्या. ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढल्याही होत्या. माझा सगळा भरवसा त्यावर होता.

याची एक टेस्ट असते: रात्री एक विशिष्ट गोळी दिली की निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी खाली येतं. वासुदेवचं आलं नाही.

"मग दवा कोणती?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"दवा नाही. नवी संथा बंद."

"पाठ बंद? विद्या बुडेल!"

माझे आजोबाही वेदपाठी. मी विचारलं, "काका, अनध्याय पाळता ना?"

अनध्याय म्हणजे प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या अशा तिथींना वेदाध्ययनाला सुट्टी. खुद्द शास्त्राने दिलेली. आमच्या घरी त्या दिवशी पत्ते निघत.

शास्त्रीबुवांच्या आधी वासुदेवच बोलला, "बाबांनी बंद केलेत. म्हणाले, इम्तिहानापुरतं चालतं. आणि चुकलो की पहिल्यापासून म्हणायचं, शिकायला येणाऱ्या सगळ्या लहान मुलांसमोर."

ज्या घरात पिण्याचं पाणीसुद्धा सोवळ्याने भरतात, तिथे सुट्टी तेवढी वगळली होती! मला रागही आला आणि हसूही.

"शास्त्र मोडून वेद येतो का, काका? या वर्षी नाव मागे घ्या. फक्त जुना पाठ, पुरी झोप, आणि एकही अनध्याय चुकवायचा नाही. पोरगा बरा होईल."

"लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. "माझ्यामागे घरात वेद म्हणणारा कुणी उरणार नाही, याची धास्ती वाटते हो."

"म्हणूनच सांगते आहे."

नाव मागे घेतलं. गल्लीत चर्चा व्हायची ती झालीच. काही महिन्यांनी तीच टेस्ट नॉर्मल आली आणि नवा पाठ टिकू लागला.

पुढच्या परीक्षेला मीही गेले. वासुदेव एका जागी अडला. समोर बसलेल्या शास्त्रीबुवांचे ओठ सवयीने उघडले. मग त्यांनी ते घट्ट मिटले. वासुदेवने श्वास घेतला आणि पुढचा शब्द आला. त्यानंतर तो थांबलाच नाही. माझे डोळे भरून आले.

तेव्हा दोन गोष्टी शिकले. कागदावर 'विश्रांती' लिहून दिली तर कुणी पाळत नाही, 'अनध्याय' म्हटलं की पाळतात. आणि पेशंट मुलगा असला, तरी पथ्य बापालाच सांगावं लागतं.