मालेगाव ते नाशिक, ताशी आठ

माझं वय बावन्न. त्यातली अठ्ठावीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात गेली. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग आम्ही गेजमध्ये घालून बघतो. बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. या कामात शंकेखोर माणसाला चांगला कामगार म्हणतात. तीच सवय घेऊन मी रोज संध्याकाळी घरी यायचो, आणि चहा घेऊन त्याच सवयीसकट कॉलनीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो.

आमची कॉलनी चोवीस घरांची. गेटजवळ सिमेंटचा कट्टा आहे, साडेनऊ फूट लांब. पाच माणसं नीट बसतात, सहावा आला तर एकाची मांडी बाहेर लटकते. सहा ते साडेसात ही आमची वेळ. विषय ठरलेले नसले तरी कुठून सुरू झालं तरी गाडी लहानपणावर यायची. पूर्वी थंडी किती पडायची, द्राक्षं कशी गोड होती, हल्लीच्या पोरांना चालायला नको. मी सहसा ऐकायचो आणि मध्येच एखादा आकडा टाकायचो.

कट्ट्यावरच्या तपासणीची सुरुवात निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंपासून झाली. त्या शेजारच्याच ओळीत राहतात. त्या नेहमी सांगायच्या, आम्ही तीन मैल चालत शाळेत जायचो. एकदा मी गावाचं आणि शाळेचं नाव विचारून घेतलं, मोबाईलवर नकाशा काढला आणि म्हणालो, "बाई, दीड किलोमीटरही भरत नाही. एक पूर्णांक चार."

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. "अहो, दप्तर जड होतं, त्याचे धरा की थोडे!"

त्या दिवसापासून हा खेळच झाला. कोणी काही सांगितलं की माझ्याकडे बघायचे. "इन्स्पेक्टरसाहेब, पास का नापास?" मीही रंगात यायचो. एकाच्या आजोबांनी एका बैठकीत खाल्लेल्या पुरणपोळ्या मी चाळीसवरून अकरावर आणल्या. आमच्या हिनं मला घरी एकदा बजावलं होतं, "लोक बोलायला येतात तिथे. तुमच्याकडून सही-शिक्का घ्यायला नाही." मी म्हटलं, सगळे हसतात ना. ती म्हणाली, "ज्याचं तपासलंत तोही हसतो का, ते बघितलंत कधी?" मी ते बघितलं नव्हतं.

कट्ट्यावर सर्वांत कमी बोलणारे होते चाचा. पासष्ट-सहासष्ट वर्षांचे, मूळचे मालेगावचे. वडील लूमवर विणकर. चाचा स्वतः आयटीआय करून सातपूरला फिटर म्हणून आले ते इथलेच झाले. वयाने माझ्यापेक्षा मोठे, पण मला साहेब म्हणायचे, कारण त्यांच्या कारखान्यात तपासणीवाल्यांना सगळे साहेब म्हणत. माझ्याविषयी त्यांना खरोखर आदर होता. हे लिहिताना सर्वांत जास्त तेच टोचतं.

त्यांची नात पाचवीत आहे. शाळेने तिला 'माझ्या आजोबांचे बालपण' असा प्रकल्प दिला होता. एका संध्याकाळी ती वही-पेन्सिल घेऊन चाचांबरोबर कट्ट्यावर आली. चाचांनी पांढरा सदरा घातला होता, जणू फोटोच काढायचा होता.

बाई म्हणाल्या, "आज चाचांची पाळी. बोला, चाचा."

"मी काय बोलू, बाई? आमचं बचपन म्हणजे खटखट, खटखट. दुसरं काही ऐकूच यायचं नाही."

"दादा, ते सायकलवालं सांगा ना," नात म्हणाली.

चाचांनी घसा साफ केला आणि सांगायला लागले. ते सात वर्षांचे असताना लूममधून धागा नेणारा लाकडी धोटा उडाला आणि त्यांच्या भुवईवर बसला. डोळा सुजून बंद झाला. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा म्हणून सांगितलं. त्या दिवशी एसटी काही कारणाने बंद होती. थांबायला वडिलांचा जीव होईना.

"मग अब्बांनी सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळला आणि मला त्यावर बसवलं. फजरची, पहाटेची अजान झाली तेव्हा निघालो, आणि सूरज ढळायच्या आत नाशकात. मालेगाव ते नाशिक, सायकलवर!"

"अरे बापरे," बाई म्हणाल्या.

"मला झोप यायची ना, तर अब्बा काय करायचे, रस्त्यात किलोमीटरचा दगड आला की विचारायचे, बोल, कितना रह गया? मी उघड्या डोळ्याने वाचायचो. दगड माझा चुकला की टपली बसायची. उलटी गिनती मी शाळेत नाही शिकलो, बाई, त्या रस्त्यावर शिकलो. आणि आता वाटतं, दुसरा डोळा तरी चालू आहे ना, तेच अब्बा बघत असणार." नात भराभर लिहीत होती. चाचांचा आवाज चढला होता. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मग राहुडचा घाट आला. तिथं अब्बा खाली उतरले आणि…"

"एक मिनिट, चाचा," मी म्हणालो.

माझ्या डोक्यात गणित तयार झालं होतं आणि तयार झालेलं गणित मला धरवत नाही. मी सांगितलं: अंतर एकशे पाच किलोमीटर. जुनी जड सायकल, पुढे पोरगं, तेव्हाचा रस्ता. ताशी आठच्या वर धरता येत नाही. म्हणजे तेरा तास नुसते पायडल. घाटात चालत, जेवण, नमाज, पाणी, मिळून तीन तास. एकूण सोळा. पहाटे पाचला निघालात तर रात्री नऊ वाजतात. सूर्य मावळायच्या आत शक्य नाही. "सायकल असेल, नाही असं नाही. पण बहुतेक हायवेवर एखादा ट्रक मिळाला असेल तुम्हाला. सायकल वर टाकली असेल. सात वर्षांचे होतात, डोळ्याला पट्टी, ताप असणार. झोपेत कळलं नसेल."

सवयीने कोणीतरी म्हणालं, "नापास!" आणि एक-दोघं हसले.

चाचाही हसले. या वेळी मी बघितलं. ते ओठांनी हसले आणि सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढत राहिले.

"असेल, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही हिशोबाची माणसं. तुमचं बरोबर असेल."

"दादा, घाटात काय झालं?" नातीने विचारलं.

"काही नाही, बेटा. चल, अम्मी वाट बघत असेल."

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट एक चूक वेळीच निघाली, नाहीतर मुलीच्या वहीत गेली असती, असं वाटल्याचं मला आठवतं.

साधारण महिन्याने ती मुलगी मला गेटपाशी भेटली. वही दाखवायला ती मुद्दाम थांबली होती. प्रकल्पावर लाल शाईने 'छान' लिहिलेलं होतं. आतमध्ये गोल अक्षरात मजकूर होता: माझे आजोबा सात वर्षांचे असताना डोळ्याच्या उपचारासाठी ट्रकमधून नाशिकला आले. त्यांना वाटत होते की ते सायकलवर आले, पण आमच्या शेजारच्या काकांनी गणित करून खरे सांगितले. खाली माझं गणित होतं, पट्टीने रेघा मारून, भागाकारासकट. भागाकार बरोबर होता. ट्रकचं चित्र होतं, हिरवा ट्रक, टपावर सायकल. वडील ड्रायव्हरशेजारी बसले होते.

"काका, आमच्या वर्गाच्या बाईंनी गणितासाठी जास्त मार्क दिले," ती म्हणाली.

दगडांचा त्यात उल्लेख नव्हता. ट्रकमधून कोणी कोणाला दगड वाचायला लावत नाही, म्हणून तिने ते गाळलं असणार. तिचा तर्क चोख होता, आणि तिथेच माझी चूक मला दिसली. दगड एकेक करून वाचले, चुकला तर टपली बसली, उलटी गिनती पाठ झाली. हे धावत्या ट्रकमध्ये, तापात झोपलेल्या पोराच्या बाबतीत कसं होईल? वेगाचा आकडा माझ्या मनचा होता. दगड त्यांनी पाहिले होते. पुरावा समोर ठेवलेला असताना मी अंदाज पास केला आणि पुरावा लाल पेटीत टाकला. कारखान्यात अशी चूक एखाद्या नवीन मुलाने केली असती तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं.

बाईंची सून रविवारी सायकलवाल्यांच्या गटाबरोबर लांब लांब जाते. मी तिला विचारलं, साधी जड सायकल असेल, रोज चालवणारा माणूस असेल, पुढे लहान मूल, तर वेग किती धरायचा?

"बारा तरी धरा, काका. आठने फक्त शिकणारी मुलं चालवतात. रोजचा माणूस आठने चालवूच शकणार नाही, तोल जाईल."

"ताशी बारा?"

"आणि पोराचा डोळा जातोय म्हटल्यावर पंधरानेही मारली असेल."

घरी येऊन मी पुन्हा मांडलं. एकशे पाच भागिले बारा, पावणेनऊ तास. तीन तास थांबण्याचे. पावणेबारा. पहाटे पाचला निघालेला माणूस दुपारी पावणेपाचला नाशकात. सूर्य चांगला वर. आमची ही भाजी निवडत होती. मी तिला कागद दाखवला. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. "हे मला कशाला दाखवताय?" म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी चाचांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मी कागद उलगडून सगळं समजावलं. माझी चूक झाली, वेग मी चुकीचा धरला होता, तुमचं बरोबर होतं, तुम्ही सायकलवरच आलात. सर्वांसमोर कट्ट्यावर पुन्हा सांगतो, म्हणालो.

त्यांनी कागद चष्मा लावून वाचला. फिटर होते, आकडे त्यांना कळत होते.

"हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "पण साहेब, आता एक गडबड झालीय. तुम्ही बोललात ना, त्यानंतर मी रोज आठवून बघत होतो. ट्रक होता का, ट्रक होता का. इतकं बघितलं की आता ट्रकच दिसतो. पोरीने चित्र पण दाखवलं. हिरवा."

"आणि दगड? दगड कसे वाचलेत मग?"

"ते मीच मागून जोडलं असेल. इतकी वर्षं झाली."

"नाही, चाचा. ते तुम्ही जोडलेलं नाही."

"तुम्ही कशावरून सांगता?"

मीच त्यांना शिकवलं होतं हे विचारायला.

त्यांचे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली. एक फोटो आहे, रेशन कार्डाचा, पुसट. चाचा म्हणाले, अब्बा बोलायचे कमी, कामावरून यायचे आणि झोपायचे. पाच भावंडांत त्यांच्याबरोबर अख्खा दिवस मिळालेला मी एकटाच. हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. चहा गार होतोय, घ्या, म्हणाले.

कट्ट्यावरचा खेळ मी बंद केला. पहिले काही दिवस लोक विचारायचे, पास का नापास, मी म्हणायचो, मला माहीत नाही. मग विचारणं थांबलं. बाई पुन्हा तीन मैल चालू लागल्या. चाचा येत राहिले, बसत राहिले. पाण्याच्या वेळा, गुडघेदुखी, नातीची परीक्षा एवढंच बोलायचे.

परवा सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना ते भेटले. गेटवर आम्ही दोघंच होतो.

"साहेब, तुमची याददाश्त चांगली. त्या दिवशी मी ती सायकलची गोष्ट सांगितली होती, ती तुम्ही मला सांगाल का एकदा? जशी मी सांगितली तशी."

मी सांगितली. टॉवेल, दांडी, अजान, दगड, टपली. ते मान खाली घालून ऐकत होते, दुसऱ्या कोणाची हकिकत ऐकावी तसे.

"आणि घाटात?" त्यांनी विचारलं. "घाटात अब्बा खाली उतरले, आणि मला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मी सांगितलं होतं ना?"

त्यांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांचं वाक्य 'आणि'वर होतं तेव्हा मी बोलायला सुरुवात केली होती.

"सांगितलं होतं, चाचा," मी म्हणालो. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

"असू द्या, होतं असं," ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन जिना चढून गेले.