चाळीसपैकी तीन

मंदाकिनी भानू कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची आणि नारायण पेठेत वडिलांबरोबर राहायची. चौतिसाव्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, ती शरच्चंद्र सबनीसांच्या वर्गाला जाऊ लागली. सबनीस निवृत्त राजदूत होते. बुधवार पेठेत एका पुस्तकाच्या दुकानावरच्या खोलीत दर गुरुवारी ते सात-आठ जणांना एकच गोष्ट शिकवत: परदेशात काही पेटलं आणि सरकारने विचारलं, तर सल्ला कसा द्यायचा.

पहिल्याच दिवशी मंदाकिनीने सहा पानं लिहून नेली. सबनीसांनी वरचं पान वाचलं आणि सगळी परत केली.

"छान निबंध आहे. शाळेच्या हस्तलिखितात द्या. मंत्र्याला चार मिनिटं असतात, बाई. अर्धं पान. काय करता येईल, प्रत्येक वाटेवर किती माणसं जातील, आणि आपण स्वतः कोणती वाट धरायला सांगता. मन हेलावलं वगैरे घरी ठेवायचं."

ती अर्धं पान शिकली. त्याला दीड वर्ष लागलं. एका गुरुवारी वडील न्हाणीघरात पडले, त्यांना दवाखान्यात पोचवून ती वीस मिनिटं उशिरा आली. कारण ऐकून सबनीस म्हणाले, "युद्ध आपल्या वडिलांना विचारून सुरू होत नाही. अर्ध्या तासात टिपण हवं." तिने दिलं. ते वाचून सबनीस पहिल्यांदाच म्हणाले, "हे चालेल." ती इतकी खूश झाली की दवाखान्यात परतताना वडिलांसाठी औषध घ्यायचं राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात यादवी माजलेल्या एका देशात सशस्त्र टोळीने कारखान्यातले चाळीस भारतीय कामगार ओलीस धरले. दिल्लीने सबनीसांना बोलावलं. त्यांची दृष्टी अधू झाली होती, म्हणून त्यांनी मंदाकिनीला बरोबर नेलं. टोळीचं म्हणणं होतं: भारताच्या मंत्र्याने आमच्याशी जाहीर बोलणी करावीत, आम्ही आजारी नऊ जणांना लगेच सोडतो.

कामगारांची यादी आली. सहाव्या ओळीत लिहिलं होतं: सर्जेराव ढमाले, वेल्डर, कोथरूड, पुणे. मधुमेह. इन्सुलिन आठ दिवसांचं.

"सर, हा आपल्याकडचा आहे."

"म्हणून त्याचा जीव जास्त महाग आहे का?" सबनीस म्हणाले. "लिहा."

तिने लिहिलं. नऊ जणांच्या बदल्यात मंत्री जाहीर बोलणीला बसवला, तर टोळीला हवं ते मिळालं; मग उरलेल्या एकतीस जणांना सोडण्याचं तिला कारण उरणार नाही. चाळीस जण एकदम सुटत असतील तरच बोलणी. आजाऱ्यांपैकी दोन-तीन दगावण्याची शक्यता. खाली तिने सही केली.

सरकारने सल्ला मानला. एकोणीस दिवसांनी टोळी नमली. सदतीस जण जिवंत सुटले.

"दोन-तीन लिहिलं होतंत. तीन," सबनीस फोनवर म्हणाले. "अंदाज चोख होता. अभिनंदन."

तिघांत सर्जेराव होता. तो बाराव्या दिवशी गेला होता.

मंदाकिनीने कुणाला न विचारता कोथरूडचा पत्ता शोधला. शेत विकून झालेलं, चारी बाजूंनी सोसायट्या उठलेल्या, आणि मध्ये ढमाल्यांचं बैठं घर. सर्जेरावची बायको मैना दारातच भेटली. मंदाकिनीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: आपण कोण, काय लिहिलं, का लिहिलं.

मैनाने विचारलं, "त्यांची सुई संपत आलीया, हे त्या कागदावर हुतं?"

"होतं."

"आन तुमी वाचलं हुतं?"

"हो. पण नऊ जणांना आणलं असतं तर मागचे एकतीस—"

"मला एकतीस सांगू नका. मला हिशेब येत न्हाई."

आत खाटेवर सर्जेरावची आई, सोजरबाई, बसली होती. तिला कमी ऐकू यायचं. तिने हाक मारली, "कोण आलंय गं? सर्जाचं काय कळलं का?"

मैना मंदाकिनीकडे वळली. "त्यांना अजून सांगितल्यालं न्हाई. माझ्यानं व्हईना. परवा पेटी यायची हाय." मग तिने दारातून बाजूला होऊन वाट दिली. "तुमाला लिवता आलं न्हवं? आता तोंडानं सांगा."

"मैनाताई, हे घरच्या माणसानं..."

"जावा."

मंदाकिनी खाटेजवळ गेली, खाली बसली. "आजी, सर्जेराव गेले."

"आं? कुठं गेला?"

"आजी, ते वारले."

"मोठ्यानं बोल की बाई."

तिसऱ्यांदा तिला ओरडावं लागलं. आवाज अंगणापार गेला, शेजारच्या सोसायटीच्या गॅलरीत बायका येऊन उभ्या राहिल्या. सोजरबाई रडली नाही. तिने मंदाकिनीचं मनगट धरलं आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "कशानं? कशानं गेला?" मंदाकिनीने मैनाकडे पाहिलं. मैना दाराला टेकून उभी होती, सोडवायला आली नाही.

"औषध वेळेवर पोचलं नाही," मंदाकिनी पुन्हा ओरडली.

"अजून सांगा," मैना म्हणाली. "का न्हाई पोचलं ते सांगा."

तेही तिने सांगितलं. किती कळलं कुणास ठाऊक, पण म्हातारीने मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

सबनीसांना ही भेट कळली. "सल्लागार दारोदार सांत्वन करत फिरायला लागला, की पुढचा सल्ला भिऊन देतो," ते म्हणाले. "आपण उद्यापासून येऊ नका." तिने हात जोडले नाहीत, वादही घातला नाही.

दिल्लीने मात्र तिला पुढे थेट बोलावलं. तीन वर्षांनी एका जहाजावरचे अकरा खलाशी चाच्यांनी ओलीस धरले, त्यातला एक रक्ताच्या उलट्या करत होता. बैठकीत एक तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, त्या एकट्याला तरी आधी मागून घेऊ या."

मंदाकिनीने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग अर्धं पान लिहिलं, अकरा जण एकदम किंवा कुणीच नाही, आणि सही करून त्याच्याच हातात वर पाठवायला दिलं.