अप्पांचा वस्तरा

माझे वडील, अप्पा, दर रविवारी सकाळी दाढी करायला सलूनमध्ये जात. माणूस तसा कमालीचा काटकसरी. कोथिंबिरीच्या दोन काड्यांसाठी भाजीवालीशी कन्नडमध्ये तास तास भांडेल. पण सलून चुकवणार नाही. दोन हजार चार-पाच साल असेल. त्यांच्या हाताला कंप सुटला होता, गुडघे गेले होते, आणि हुबळीतल्या आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडताना एकदा ते रिक्षाखाली येता येता वाचले. तेव्हा मी जाहीर केलं की यापुढे अप्पांची दाढी घरीच, माझ्या हातानं. कर्तव्याची मला पहिल्यापासून हौस. फक्त ते रविवारी आणि बसून करण्यासारखं असावं लागतं.

त्याच सुमारास ट्रंकेच्या तळाशी आजोबांचा वस्तरा सापडला. अळनावरजवळच्या आमच्या गावाहून आलेला, शिंगाच्या मुठीचा, पातं गंजून तांबडं झालेलं. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं सायबर कॅफेतून चार पानं छापून आणून दिली. परदेशात म्हणे मोठमोठे लोक असले जुने वस्तरे शोधून काढतात, स्वतः धार लावतात आणि पाहुण्यांना दाखवतात. झालं! आमच्या घराण्यालाही वारसा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दुर्गदबैलच्या बाजारातून धारेचा दगड आणला. रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन आठ दिवस गंज काढला. मग दगडावर पातं घासायला बसलो. पंधरा दिवस घासूनही वस्तऱ्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं. दोष अर्थातच दगडाचा, नाचता येईना अंगण वाकडं. मी दुकानदाराला शिव्या घालत होतो, तेव्हा खाटेवरून अप्पा एवढंच म्हणाले, “पाठ टेकव. पात्याची पाठ उचललीस की धार मरती.”

पाठ टेकवली आणि धार आली. मग जुना चामडी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून त्यावर पातं परजणं सुरू झालं. धार तपासायला मी डाव्या हातावरचे केस भादरले, ते संपल्यावर उजव्या हातावरचे. एकदा स्वतःच्या गालावर प्रयोग केला आणि दुसऱ्या दिवशी तीन पट्ट्या लावून बँकेत गेलो. बायको म्हणाली, “अप्पांच्या गळ्याशी काय वैर आहे तुमचं?” मी दुर्लक्ष केलं. आलेल्या-गेलेल्याला वस्तरा दाखवायचो. लोक “वा, वा” म्हणायचे. अप्पा काही म्हणायचे नाहीत. गहिवरले असतील, असा मी अर्थ काढला.

रविवार उजाडला. गरम पाणी, साबणाचा फेस, धुतलेला टॉवेल, अंगणात खुर्ची, अशी जय्यत तयारी केली. अप्पा बाहेर आले, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, “रिक्षा बोलव. सलूनला जायचंय.”

“अप्पा, अहो हा आजोबांचा वस्तरा आहे! महिनाभर राबतोय मी.”

“बघायलोय की.” ते पायरीवर बसले. “तो हौसेनं घेतलेला न्हाई बाबा. गावचा न्हावी म्हशी भादरायचा, आम्हांस्नी शिवायचा न्हाई. म्हणून माझ्या बानं हुबळीला येऊन वस्तरा घेतला. अख्ख्या वस्तीची डोकी, दाढ्या तोच करायचा, त्याच्यामागं मी. रेल्वेत लागलो, हितं आलो, तवा पहिल्यांदा सलूनमध्ये गेलो. भीत भीत गेलो. तिथल्या न्हाव्यानं जात इचारली न्हाई, बस म्हणाला. त्या दिशी वस्तरा ट्रंकेत टाकला.”

आम्ही बौद्ध, गावात आमची वस्ती वेशीबाहेर, हे सगळं मला माहीत होतं. त्यावर मी भाषणंही ठोकली होती. पण माझ्या बापाला दर रविवारी सलूनच का लागतं, हे पन्नाशीला येईपर्यंत मी विचारलं नव्हतं. लाज वाटली. महिनाभर मी वारसा म्हणून काय घासत बसलो होतो, ते आत्ता कळत होतं. साबणाचा फेस मी मोरीत ओतला आणि रिक्षा आणली.

सलूनमध्ये अप्पांना धरून खुर्चीत बसवलं. न्हाव्यानं “बर्री अज्जा”, या आजोबा, म्हणत नवं अर्धं ब्लेड लावलं, पांढरं कापड त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळलं, गालांना फेस लावला आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर उचलली. अप्पांनी डोळे मिटले. मागं चार गिऱ्हाइकं बाकड्यावर खोळंबली होती, म्हणून न्हाव्याचा हात जरा भरभर चालला. अप्पांनी डोळे न उघडताच त्याला थांबवलं.

“सावकाश माडप्पा,” ते म्हणाले. “सावकाश कर बाबा.”