लंबूचं हिरवं कुलूप

उपकेंद्रात सगळे त्यांना परतबघे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण स्विच बंद केला की चार पावलं जायचं आणि पुन्हा मागे येऊन बघायचं, ही सवय सोळा वर्षांत आडनावाला भारी पडली. घरीही तेच. गॅसचं बटण, नळ, दाराची कडी. "झोपलेल्या माणसाचा श्वास चालू आहे का तेही बघतील," असं बायको शेजारणीला हसून सांगे. तिला कुठे ठाऊक, ते खरोखरच बघत.

याला कारण होतं आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तारांवर चढणारा प्रत्येक जण आधी बंद स्विचच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. काम झालं की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. सोळा वर्षांपूर्वी लंबू नावाचा नवा लाइनमन कुलूप तसंच ठेवून गेला. वरून फोनवर फोन आले, "तो केव्हाच उतरला असेल" असं सगळे म्हणाले, आणि परतबघ्यांनी कटरने कुलूप तोडून लाइन चालू केली. सहा मिनिटांनी लंबू सायकलवरून आला. पक्कड वर राहिली म्हणून परत चढलो होतो, म्हणाला. कुलूप गंजलं होतं, तोडलं, नवं घे, असं त्याला सांगून परतबघे मोकळे झाले. संध्याकाळी त्या खांबापासून त्यांनी स्वतः सायकल मारून पाहिली. आठ मिनिटं लागली. म्हणजे लाइन चालू झाली तेव्हा त्याला खांबावरून उतरून दोनच मिनिटं झाली होती.

आणि आज, भर दुपारी, दांड्यावरची चार कुलपं निघाली होती आणि पाचवं, हिरवं, तसंच लटकत होतं. लंबूचंच. तो फोन उचलत नव्हता.

"विसरला असेल. गाढवच आहे तो," कंट्रोल रूममधली ऑपरेटर म्हणाली. "शिपायाने खांब पाहिलेत, वर कुणी नाही."

"कारखान्याच्या भिंतीमागचे पाहिले?"

"तिथे शिपायाला आत सोडत नाहीत."

फोन वाजला. साहेब होते. दवाखान्याच्या जनरेटरला तासाभराचंच डिझेल उरलं होतं. "तोडा कुलूप. जबाबदारी माझी."

"साहेब, दांडा माझ्या हातात आहे."

"लेखी खुलासा द्यावा लागेल तुम्हाला."

"देतो," परतबघे म्हणाले, आणि फोन ठेवला. ऑपरेटरने कटर टेबलावर आणून ठेवला. परतबघे कटरकडे पाठ करून बसले. दवाखान्यात कुणी अत्यवस्थ असलं तर? आणि लंबू भिंतीमागे वरच असला तर? इकडे आड, तिकडे विहीर. शिपायाला त्यांनी आता लंबूच्या घरी पिटाळलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. वीस मिनिटं गेली. पंचवीस. एकदा उठून ते कटरपर्यंत गेलेही, आणि हात पुसून परत येऊन बसले.

पस्तिसाव्या मिनिटाला लंबू शिपायाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. तोंडात घास होता.

"अहो काका, घरी जेवत होतो, फोन चार्जिंगला. तोडायचं ना सरळ."

"एकदा तोडलं होतं," परतबघे म्हणाले. "तुझंच. गंजलं बिंजलं काही नव्हतं."

लंबू हसायच्या बेतात होता. मग त्याला तो दिवस आठवला असावा, कारण त्याने तोंडातला घास चावायचा थांबवला. "मी तेव्हा पक्कड आणायला..."

"दोन मिनिटं. त्या दिवशी तू दोन मिनिटांनी वाचलास, आणि मी बोललो नाही."

लंबूने किल्ली काढली. ती दोनदा कुलपाबाहेरच लागली, तिसऱ्यांदा आत गेली. कुलूप हातात घेऊन तो दाराकडे निघाला.

"जाऊ नकोस," परतबघे म्हणाले. "इथे उभा राहा. मला दिसशील असा."

लंबू भिंतीला टेकून उभा राहिला. परतबघ्यांनी त्याच्याकडे बघितलं, चार पावलं गेले, मागे वळून पुन्हा बघितलं, आणि लाइन चालू केली.