शशिकलेचं सुकाणू

आमच्या सोसायटीतले प्रभाकर टिपणीस विमा कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा चारचौघांसारखे हास्यक्लबात गेले नाहीत. त्यांनी शिडाची होडी घेतली. दोन माणसं आणि एक डबा मावेल एवढी. पनवेलच्या कोळीवाड्यात खाडीकाठी ती बांधली आणि बायकोवरच्या प्रेमाची जाहीर पावती म्हणून होडीच्या अंगावर निळ्या अक्षरांत नाव रंगवून घेतलं: शशिकला.

तेव्हापासून खऱ्या शशिकलाबाईंना लिफ्टमधून जाणंयेणं अवघड झालं. "शशिकला परत गळायला लागली हो!" "यंदा शशिकलेला खरवडून रंग द्यायचाय." ही वाक्यं प्रभाकरराव अभिमानाने, तळमजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत बोलत. बाई पिशवीतली कोथिंबीर निरखत उभ्या राहत.

खरं दुखणं नावाचं नव्हतंच. आपल्याच नावाच्या होडीचं सुकाणू त्यांच्या हाती एकदाही आलं नव्हतं. सुकाणू म्हणजे तरी काय, मागच्या बाजूचा एक लाकडी दांडा. डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. पण हे ज्ञान प्रभाकररावांनी दोन दिवसांच्या शिबिरात मिळवलं होतं आणि ते असं कुणालाही वाटून टाकायचं नसतं, यावर ते ठाम होते. बाईंकडे डबा, थर्मास आणि "जरा सरक" एवढी खाती होती.

मे संपत आला होता. दुसऱ्या दिवशीची फेरी यंदाची शेवटची. मग ताडपत्री पडायची ती थेट दिवाळीनंतर निघायची. म्हणून बाईंनी विचारून ठेवलं, "अहो, उद्या येताना सुकाणू मी धरू?"

"धर की!" पेपरामागून उत्तर आलं. गिझरवाल्याला फोन केलात का, या प्रश्नालाही पेपरामागून असंच झटकन उत्तर येतं. गिझर अजून बंदच आहे.

सकाळी भरलेल्या पाण्यात दोघं निघाली. एकादशी होती, त्यामुळे डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि थर्मासात पन्हं. प्रभाकररावांनी कॅप्टनची पांढरी टोपी घातली होती. डोक्यावरून विमान गेलं की ते टोपीला हात लावत, जणू पायलटनेच नमस्कार केला होता.

"ओहोटीचं बघितलंत ना?" बाईंनी विचारलं.

"सुशांतने ॲप टाकून दिलंय. आज पाणी फक्त अर्धा मीटर उतरणार."

सुशांत त्यांचा मुलगा, ऑस्ट्रेलियात असतो.

"अर्धा मीटर? आपल्या खाडीत?"

"शशी, बोलू नकोस. वारा ऐकू दे."

वारा ऐकून झाल्यावर त्यांनी तिवरांच्या कडेला, गार सावलीत, नांगर टाकला. खिचडी खाल्ली, चांगली झाल्याचं न सांगता दुसऱ्यांदा घेतली, आणि टोपी तोंडावर ओढून झोपले. सहल निवांत हवी, हा त्यांचा आग्रह असतो आणि त्यात ते स्वतः कुठेही कमी पडत नाहीत.

बाई पाण्याकडे बघत बसल्या. पाणी निघालं होतं. आधी तिवरांची मुळं दिसली, मग एक फुटकी बादली, मग चिखल.

"अहो, उठा. पाणी चाललं."

"अर्धा मीटर," टोपीखालून आवाज आला.

तेवढ्यात होडी एका कुशीवर कलली आणि कॅप्टन थर्मासावर आले. चहूकडे काळाभोर चिखल आणि मधोमध शशिकला. बाईंनी शांतपणे नवऱ्याचा मोबाईल उचलला, चष्मा लावला.

"अहो, हे फ्रीमँटल कुठं आलं? कामोठ्याच्या पुढे का?"

प्रभाकररावांनी मोबाईल घेतला, लांब धरला, जवळ धरला. सुशांतने ॲपमध्ये स्वतःच्या घराजवळचं बंदर टाकून दिलं होतं आणि वडील उन्हाळाभर पनवेलच्या खाडीत ऑस्ट्रेलियाची भरती-ओहोटी पाळत होते.

"सॉफ्टवेअरचा दोष आहे," ते म्हणाले.

मग बराच वेळ दोघांनी चिखलातल्या खेकड्यांची ये-जा बघितली. पन्हं संपलं.

उन्हं कलली तसं पाणी परत आलं. होडी हलली, तरंगणारच होती. पण तिने आपण होऊन तरंगावं हे प्रभाकररावांना पटेना. ढकलायला म्हणून ते खाली उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. सँडल तिथेच राहिली, टोपी वाहत गेली. वर ओढून घ्यायला बाईंना दोन्ही हात लावावे लागले. आले ते कमरेपर्यंत काळेकुळकुळीत. हातातून दोरही निसटत होता.

"आधी हात धुवा," बाई म्हणाल्या. नांगर त्यांनीच वर घेतला, शीड त्यांनीच ओढलं. ते पाठमोरे होऊन हात धूत होते, तेवढ्यात शिडात वारा भरला, होडी निघाली आणि शशिकलाबाई सुकाणूवर बसल्या.

दांडा उलटा ढकलल्याने होडी पहिल्यांदा सरळ तिवरांत घुसली.

"बघ! म्हणून मी म्हणतो!" प्रभाकररावांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. "आण इकडे."

"जरा सरका," बाई म्हणाल्या.

त्यांनी वल्ह्याने खोडाला रेटा दिला, होडी सोडवली आणि दांडा या वेळी बरोबर बाजूला धरला. होडी वळली. वारा पाठीशी होता.

"डावीकडे! नाही, म्हणजे तुझ्या उजवीकडे..."

"अहो, बोलू नका. वारा ऐकू येत नाही."

प्रभाकरराव डब्याशेजारी, बाईंच्या नेहमीच्या जागेवर, रिकामा थर्मास मांडीवर घेऊन बसले. ती जागा अरुंद आहे, शीड फिरलं की डोक्याला लागतं, ही नवी माहिती त्यांना मिळत होती.

काठावर कमळाकर कोळी जाळं शिवत होता. होडी त्यानेच रंगवलेली. त्याने आधी चिखलाने माखलेल्या काकांकडे बघितलं, मग मागे बसलेल्या काकूंकडे.

"काका, आज शशिकला कोनी आनली?"

प्रभाकररावांनी दोर फेकला.

"शशिकलेनं," ते म्हणाले. आणि लगेच, "वारा चांगला होता म्हणून."

"मंग ताडपत्री आनू ना? उद्या झाकून टाकू."

ते "हो" म्हणणार तेवढ्यात मागून आवाज आला. दोर बांधून होईपर्यंत बाईंनी दांडा सोडला नव्हता.

"इतक्यात नको रे. पुढच्या रविवारी मला अजून एक फेरी मारायची आहे. काका येणार असले तर डबा ते करतील."